पेवात कंदील सोडलाय : कादंबरीचा चौथा महिना

मागच्या नोंदीच्या वेळी अकरा हजार शब्द झाले होते, आज मोजले तर नऊ हजार दोनशे. म्हणजे महिनाभर रोज रात्री भांडी आवरून साडेदहाला बसायचं आणि हाती काय तर उणे अठराशे. नवरा म्हणाला कादंबरी लिहितीयेस का शेअर बाजार खेळतीयेस.

नवीन आलेल्यांसाठी एका दमात सांगते. सांगलीतलं एक कॉलेज, तासिका तत्त्वावरचे (म्हणजे सीएचबी, तासावर पैसे) दोन प्राध्यापक, ती इतिहासाची, तो केमिस्ट्रीचा, एकाच रिसर्च प्रोजेक्टच्या पैशांवर दोघांचा डोळा, आणि दोघांचं अजिबात पटत नाही, मग पटतं. इंग्रजीत असतात ना कॉलेजातल्या, आधी दुश्मनी मग प्रेमवाल्या कादंबऱ्या, तसलीच. नावं अजून ठेवली नाहीत कारण इथं कुठलंही आडनाव घ्या, विश्रामबागेत कुणीतरी ओळखीचं निघतंच आणि मग भाजी घेताना विचारतं, माझ्यावर लिहिलंय काय गं.

आता ते अठराशे शब्द का उडवले. पहिल्या खर्ड्यात हिरो तिचा एचओडी, म्हणजे विभागप्रमुख होता. मला वाटलेलं रुबाब येईल, पण वाचताना लक्षात आलं की ही दुश्मनी नाहीच, हा नुसता साहेब आणि त्याच्या हाताखालची बाई. ती त्याला उलट बोलली तर तिचे तास जातील, त्याचं काय जाणार? दोघांनाही हरायची सारखीच भीती पाहिजे, नाहीतर ते भांडण रंगतच नाही, आणि पुढचं प्रेम तर मला वाचवेना. म्हणून त्याला उतरवला खाली, केला सीएचबी. आता दोघंही मार्चनंतर बिनपगारी.

हे मला सुचलं ते प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या अली हेझलवूडचं 'लव्ह, थिअरेटिकली' परत चाळताना. 2023 चं आहे, त्यातली हिरॉइन बॉस्टनमध्ये अॅडजंक्ट, म्हणजे आपल्याकडचं सीएचबीच की, या विद्यापीठातून त्या विद्यापीठात तास घ्यायला पळतीय. ती फिजिक्समधली थिअरीवाली आणि हिरो प्रयोगवाल्यांच्या गोटातला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फक्त रोमान्स बघितला होता, यावेळी तिची ती पळापळच डोक्यात बसली. मी स्वतः दोन वर्षं केलंय सीएचबी. तासावर पैसे, सुट्टीचे शून्य, आणि पहिल्या वर्षाचं मानधन आलं ते पुढच्या दिवाळीत. कॉलेजचं नाव सांगत नाही. जाऊ दे.

पण त्याच दोन वर्षांतली एक गोष्ट मला या सगळ्या पुस्तकांच्या नादाला लावून गेली. एका सेमिनारला मी पेपर वाचला, सगळे छान छान म्हणाले, शाल-श्रीफळवाले पाहुणेही छान म्हणाले, आणि आमच्याच स्टाफरूममधले एक सर उठून म्हणाले, मॅडम तिसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकलीय आणि त्यामुळं तुमचा निष्कर्षच उलटा होतो. असा संताप आला होता ना! महिनाभर मी त्यांच्याशी चहालासुद्धा बोलले नाही. मग एकदा घरी बसून बेरीज केली, ती चुकलीच होती. आणि तेव्हा डोक्यात आलं, की त्या अख्ख्या हॉलमध्ये माझा पेपर वाचलेला हा एकच माणूस. छान म्हणणाऱ्या कुणी पान उलटलंसुद्धा नव्हतं. (प्रेमबिम काही झालं नाही, त्यांना दोन मुलं आहेत आणि माझा नवरा हे वाचतो.)

तर माझ्यासाठी या प्रकाराची सगळी गंमत तिथं आहे. कॉलेजातल्या माणसाला सुंदर दिसतेस म्हणून काय होणार, तळटीप सतरा वाचली का कुणी, हे त्याचं दुखणं. आणि ती वाचतो फक्त दुश्मन, तेही खोडून काढायला, पण वाचतो. एवढं बारकाईनं आपल्याकडं बघणारं दुसरं कोण असतं? मैत्रीण म्हणाली हे सगळं परदेशी खूळ आहे, तर मी म्हटलं शाहिरांचा कलगी-तुरा ऐकलायस का कधी. कलगीवाले शक्तीची बाजू घेणार, तुरेवाले शिवाची, रात्रभर एकमेकांना कोडी घालणार, आणि समोरच्याचा प्रत्येक शब्द लक्षात ठेवल्याशिवाय जबाब देताच येत नाही. आणि शेवटी कशावर भांडतायत, तर शिव-शक्तीवर! यापेक्षा मोठं जोडपं कुठलं आणायचं.

बरं, आता जिथं गाडी अडलीय ते. अहो.

इंग्रजीत ते आडनावानं हाक मारतात आणि एक दिवस पहिलं नाव तोंडातून निसटतं, की वाचणारे खल्लास. मराठीत मला वाटलं सोप्पंय, अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आणायचं. लिहून बघितलं तर बेकार लागलं. कारण आपल्याकडं स्टाफरूममध्ये भांडतानाच 'अहो सर, जरा वाचून या की' असं म्हणतात, त्या अहोला धार असते, आणि इकडं आमच्या सासूबाई चाळीस वर्षं सासऱ्यांना अहोच म्हणतायत, त्यात सगळा संसार असतो. मग मी प्रवास उलटा केला. भांडण जोरात असतं तेव्हा ती रागात एकदा त्याला 'तू' म्हणून जाते, आणि सगळं मिटल्यावर परत 'अहो'वर येते. अक्षरं तीच, फक्त धार गेलेली. हे एक पान लिहायला आठ दिवस लागले, पण या महिन्यातलं तेवढंच एक पान मला आवडलंय.

आणि भांडणाचा विषय! या असल्या कादंबऱ्यांचं पेव फुटलंय म्हणता म्हणता मला खरंखुरं पेव सापडलं. आपल्या हरिपूरची हळदीची पेवं ओ. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खड्डे, तोंड अरुंद, आत पोतं नाही काही नाही, हळद तशीच ओतायची आणि बंद करायची, वर्षानुवर्षं टिकते. 2005 च्या पुरात बरीच गेली. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय (ही इथलीच, असा सरकारी शिक्का) मिळालं, म्हणजे प्रोजेक्टच्या अर्जात दोघंही तेच पहिलं वाक्य लिहिणार (हा सीन झालाय, मस्त झालाय). ती म्हणते पेवं आली ती व्यापारामुळं, भाव चढेपर्यंत माल दाबून ठेवायला. तो म्हणतो बाजार तर सगळीकडं होता, मग पेवं इथंच का, माती बघा आधी. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे आणि ते कबूल करायला माझ्या हिशोबानं दोनशे पानं लागतील.

त्या परदेशी पुस्तकांत हॉटेलात एकच खोली शिल्लक असते ना, ते मला हरिपुरात जमणार नव्हतं, तिथं गाव काय म्हणेल. पण पेव उघडलं की लगेच आत उतरता येत नाही, आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून मरू शकतो. म्हणून आत कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. झालं माझं काम. मे महिन्यातली दुपार, कंदील विझलाय, परत सोडलाय, परत विझलाय, एकच चिंचेचं झाड, शंभर ग्रॅम भडंग, आणि दोघांना तास-दोन तास बसण्यावाचून इलाज नाही. पेवाचे मालक जवळच खाटेवर झोपलेत, म्हणजे गावालाही बोलायला जागा नको. भडंगातले शेंगदाणे ती वेचून खाते हे त्याला आधीपासून माहितीये, आणि आपल्याला हे का माहितीये याचाच त्याला राग येतो.

हा सीन निम्मा झालाय. आता प्रश्न असा की कंदील जळत राहतो तेव्हा आधी कोण उतरणार. ती उतरली तर तो वरून दोर धरणार, छान दिसेल, पण मग तो वाचवणारा हिरो होऊन बसतो आणि मी एवढे अठराशे शब्द कशाला उडवले. दोघं एकदम मावणार नाहीत, तोंड अरुंद आहे. रविवारी परत हरिपूरला चाललेय, एक आजोबा पेवात उतरायचे म्हणे तरुणपणी, ते दोर कमरेला बांधायचे का काखेत हे विचारून येते.

शब्दसंख्या : 9,200. पुढच्या महिन्यात दहा हजार झाले तरी पेढे वाटेन.