लोणारच्या काठाची नोंदवही: पाणी चढतंय

लोणार सरोवराची, म्हणजे उल्केच्या आघाताने झालेल्या विवरातल्या खाऱ्या तळ्याची, काठरेषा मी उपग्रहाच्या प्रतिमांवरून आखतो. पावसाळ्यानंतरच्या नोंदी टाकायला उशीर झाला, कारण ढगांनी पिच्छा सोडला नाही. सेंटिनेल-2 उपग्रहांची प्रतिमा दर पाच दिवसांनी फुकट मिळते खरी, पण पावसाळ्यात विवर ढगाखालीच असतं.

काठ आखणाऱ्यांसाठी एक गोष्ट. उपग्रह प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे वेगळे टिपतो. त्यातली हिरवा आणि जवळचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) पट्टा ही पाणी ओळखायची नेहमीची जोडी इथे दगा देते. पाण्यात सूक्ष्म शैवाल इतकं दाट असतं की काठालगतचं पाणी उपग्रहाला झाडोऱ्यासारखं भासतं. लघुतरंग अवरक्त पट्टा घेतला की काठ सुटा होतो. मात्र त्याच्या प्रतिमेतला एक ठिपका त्या जोडीसारखा 10 नव्हे, 20 मीटरचा. म्हणजे दोन-चार मीटरची हालचाल विसरायची.

तरीही फरक लपत नाही. जून 2020 मध्ये पाणी आटून गुलाबी झालं होतं, तेव्हाची काठरेषा आताच्या रेषेच्या बरीच आत पडते. तो रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. आता उलटा खेळ: पाणी काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिराशी येऊन भिडलंय.

'तळं भरलं' म्हणून आनंद करणाऱ्यांशी माझं जमत नाही. लोणारला बाहेर जायला वाट नाही. झरे आणि पाऊस आत येतात, पाणी जातं ते मुख्यतः वाफ होऊन, खार मागे राहतो. म्हणूनच पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप, 7 म्हणजे उदासीन) 10 च्या आसपास टिकला आणि पापडी, भुस्की, दल्ला अशा नावांचे खार इथून काढले जात. गोडं पाणी वाढलं की खार पातळ होतो, आणि त्याच्यावर जगणारी सूक्ष्मजीवसृष्टी अडचणीत येते. 2020 मध्ये या सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. नुसतं भरलेलं तळं तर कुठेही मिळेल.

दगडांची बाजू यंदा थोडक्यात. कड्यावर आघाताने उलथलेले बेसाल्टचे थर पाहून घ्या. 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवराचा खरा पुरावा तिथे आहे. लोहचुंबकाला चिकटणारा खडा 'उल्केचा तुकडा' म्हणून कुणी दाखवला तर हसून पुढे चला. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतंच, असा खडा सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटातही चिकटेल. आणि खडे उचलू नका, हे अभयारण्य आहे. विवराच्या वयाचा वाद नेहमीचाच: जुनी मोजणी सुमारे 52 हजार वर्षं, 2011 ची आर्गॉन मोजणी (खडकातल्या आर्गॉन वायूवरून काढलेलं वय) सुमारे 5 लाख 70 हजार. मी दुसऱ्या मोजणीकडे झुकतो.

पुढची प्रतिमा मे महिन्यातली घेईन, उन्हाळ्यात पाणी किती उतरतं ते पाहायला. कुणाकडे सेंटिनेलच्या आधीचे, म्हणजे 2015 पूर्वीचे, कमळजेचं मंदिर आणि पाणी एकाच चौकटीत असलेले फोटो असतील तर महिना-सालासह द्या. कडेला माणसं उभी असली तरी चालेल, उंचीचा अंदाज येतो.