चेक-इनला जाताना वाटेत देऊळ

आमच्या सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये पाहुणे आले की एकच प्रश्न, झोपवायचं कुठे. म्हणून यावेळी आत्या-काकांची सोय तेलोक आयर स्ट्रीटवरच्या अमॉय हॉटेलात केली. छोटंसंच आहे, 37 रूम्स, पण एंट्री अशी भारी की बास! दारातून शिरलो की आपण थेट फुक तक ची नावाच्या जुन्या चिनी देवळात, रिसेप्शन त्याच्या पलीकडे. आत्याने सवयीने चपला काढल्याच. अगं आत्या राहू दे, हे आता म्युझियम आहे, म्हटलं तरी तिने हात जोडलेच.

देऊळ 1824चं, कँटोनीज आणि हाक्का या चिनी समाजांतल्या लोकांनी बांधलेलं. तेव्हा समुद्र या रस्त्याला लागून होता, म्हणजे चीनहून महिनोन्महिने हाल काढत आलेला माणूस बोटीतून उतरला की आधी इथे येऊन देवाचे आभार मानायचा आणि मग काम शोधायला. नंतर भराव घालून समुद्र लांब गेला, आता समोर नुसते काचेचे टॉवर. म्युझियम झालं 1998मध्ये, आत जुन्या तेलोक आयरचं मॉडेल ठेवलंय, त्यातली इवली इवली माणसं बघत काका इतके रमले की बॅगा घेऊन मीच पुढे.

रूम मात्र एकदम आजची, साधं सुटसुटीत फर्निचर, फालतू सजावट नाही. जुनी शॉपहाऊस, म्हणजे खाली दुकान वर घर अशा इमारती, मुळातच अरुंद असतात त्यामुळे ऐसपैस वगैरे विसरा. प्रत्येक रूमला चिनी आडनाव दिलंय, त्यावर काका लगेच, "म्हणजे आपण कुलकर्ण्यांकडे उतरलोय म्हणा!"

मला हेच आवडलं. नाहीतर चार लाल कंदील आणि एक ड्रॅगन टांगून हेरिटेज म्हणणारी हॉटेलं इथे काय कमी आहेत?

संध्याकाळी त्याच रस्त्यावर थिआन हॉक केंगला गेलो, 1842मध्ये पूर्ण झालेलं होक्किएन या चिनी समाजाचं देऊळ, समुद्रदेवी माझूचं. तिथे उंबरा चांगला उंच, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. हे आत्याला कुणी सांगावं लागलं नाही. जवळच तमिळ मुस्लिमांचा नागोर दर्गा, तोही जुनाच, 1830चा.

राहायचं नसलं तरी फुक तक ची बघून या, तिकीट नाही आणि तेलोक आयर एमआरटी (मेट्रो) स्टेशनहून चालत जाता येतं.