एसईयू, आरडीआय की व्हीएस कोड? जुना आरपीजी वाचताना मला आलेला अनुभव

"मॅडम, मी एकच ओळ बदलली आणि ती उलट्या रंगात दिसायला लागली. काय चुकलं माझं?"

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात नुकतीच लागलेली मुलगी विचारत होती. स्क्रीनवर एसईयू, म्हणजे आयबीएमच्या मशीनवरचा जुना कोड एडिटर, उघडलेला. काळ्यावर हिरवी अक्षरं आणि मधोमध तिची डीसीएल-एसची ओळ, म्हणजे आरपीजी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबल जाहीर करणारी. चूक वाटली की एसईयू ओळ उलट्या रंगात दाखवतो. ओळीत काहीही चूक नव्हती. एसईयूला ती कळत नव्हती, एवढंच. त्याचा सिंटॅक्स तपासणारा भाग २००८ सालच्या ६.१ आवृत्तीवरच थांबलाय, आणि एफ-स्पेक, डी-स्पेक (फाइली आणि व्हेरिएबल जाहीर करणाऱ्या ओळी) मोकळ्या पद्धतीनं, म्हणजे ठरलेल्या कॉलमांचं बंधन न पाळता लिहायची सोय आली २०१३ मध्ये. म्हणजे आजचा बरोबर कोड त्याला चुकीचाच वाटणार.

मी तिला शिफ्ट दाबून एफ१ मारायला सांगितलं, म्हणजे एफ१३. तिथे तपासणी बंद करायची. तरीही बाहेर पडताना 'पुन्हा एडिटिंगला जायचं का' पुढे वाय आलाच, तर तो खोडून एन टाकायचा. ती "ओके मॅडम" म्हणून कामाला लागली. संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली गाडी अडकली तेव्हा मात्र माझं मलाच वाईट वाटलं. खरी चूक दाखवणारी खूणही बंद करायला मी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवून मोकळी झाले होते.

मी सोळा वर्षं याच मशीनवर काम करतेय. त्याचं नाव आता आयबीएम आय असलं तरी आमच्या मजल्यावर सगळे एएस/४००च म्हणतात. मला एसईयू बोटांनी येतो. ब्लॉक कॉपी करायचा तर डावीकडे सीसी, खाली सीसी, जिथे हवा तिथे ए. कंपाइल फसलं की एफ१५नं खालच्या अर्ध्या स्क्रीनवर स्पूल फाइल, म्हणजे कंपाइलरचं लिस्टिंग, उघडायची आणि चुकीची खूण असलेलं स्टार-ईआरआर शोधायचं. लिहायला मला तो कधीच अपुरा पडला नाही. घोडं अडतं ते वाचताना.

आमचा ऑर्डर एंट्रीचा प्रोग्रॅम सहा हजार ओळींच्या वर आहे, जवळजवळ सगळा ठरलेल्या कॉलमांतला. एकात एक असे नऊ-नऊ इफ. स्क्रीनवर एका वेळी वीस-बावीस ओळी दिसतात, त्यामुळे इफ दिसतो तेव्हा एंडइफ चार स्क्रीन खाली असतो. पूर्वी मी लिस्टिंग छापून पेन्सिलीनं कंस काढायचे. आमचे सर तर स्केचपेन वापरायचे, प्रत्येक पातळीला वेगळा रंग. त्यांच्या कपाटात असे गठ्ठे अजून आहेत.

आधी आरडीआय घेतलं, आयबीएमचाच नवा एडिटर. पैसे मोजावे लागतात, म्हणून चाचणीच्या मुदतीतच सगळं बघून घ्यायचं ठरवलं. एक्लिप्सवर बांधलेलं असल्यामुळे आठ जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत माझा चहा व्हायचा. पण तोच प्रोग्रॅम उघडून ब्लॉक नेस्टिंग दाखवायला सांगितलं आणि कोडच्या बाजूनं इफपासून एंडइफपर्यंत रेघा आल्या. सरांची स्केचपेनं! शेजारच्या आउटलाइनमध्ये फाइली, फील्ड, सबरूटीन सगळं. फील्डवर क्लिक केलं की ते कुठे कुठे वापरलंय ते दिसतं. एक फील्ड तर नुसतं भरलं जात होतं, वाचत कुणीच नव्हतं. इतकी वर्षं मी ते जपून सांभाळत होते! शिवाय डावीकडे सीसी, डीडीही चालतात, त्यामुळे बोटांना नवीन काही शिकावं लागलं नाही.

मॅनेजरनं विचारलं, "सगळ्यांना लागेल का हे?" लायसन्सचा आकडा ऐकून मीच "दोघांना पुरे" म्हटलं.

बाकीच्यांसाठी मायक्रोसॉफ्टचा एडिटर व्हीएस कोड आणि त्यात बसवायचं कोड फॉर आयबीएम आय. दोन्ही फुकट. मात्र हे एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून जोडतं, आणि आमच्या मशीनवर तो सर्व्हर कधी कुणी सुरूच केला नव्हता. क्लायंटच्या ॲडमिनला तिकीट टाकलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, सर्व्हर चालू आहे. तरी जोडणी होईना, कारण फायरवॉलवर २२ नंबरचं पोर्ट बंद. ते उघडलं तर निम्म्या युजरांना होम डिरेक्टरीच नाही. हिरव्या स्क्रीनवर आयुष्य काढणाऱ्याला ती लागतेच कशाला? असं करत जोडणीतच पंधरवडा गेला.

जोडल्यावर नव्या मुली-मुलांना ते लगेच आवडलं. मोकळ्या पद्धतीतला आरपीजी त्यात खरंच छान दिसतो, चुकीचं नाव लिहिलं की तिथल्या तिथे कळतं. मी मात्र दोनदा ठेचकाळले. पहिल्यांदा तारखांवरून. आमच्या सोर्स मेंबरात (कोड ज्यात ठेवतो त्या फाइलीत) प्रत्येक ओळीला ती शेवटची कधी बदलली ती तारीख असते, आणि 'हे कुणी कधी केलं' या वादाचा निकाल आम्ही तिच्यावरच लावतो. सेटिंगमध्ये तारखा राखायचा पर्याय चालू करायचा मी विसरले, एक ओळ बदलून सेव्ह केलं आणि १९९८पासूनच्या तारखा गेल्या. बॅकअपमधून मेंबर परत आणेपर्यंत सर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते. दुसऱ्यांदा कुलपावरून. एसईयू किंवा आरडीआयमध्ये मी मेंबर उघडला की दुसऱ्याला तो बदलता येत नाही. इथे तसं नाही. शेजारच्या मुलानं आणि मी एकच मेंबर उघडला होता. त्यानं माझ्यानंतर सेव्ह केलं आणि माझी दुपार गायब. आता कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आणायचं चाललंय. तोवर खुर्चीवरून ओरडून विचारतो, "अरे, कोण आहे त्यात?"

सध्या जुन्या कॉलमांतला कोड उलगडायचा तर मी आरडीआय उघडते, नवीन लिहायचं तर व्हीएस कोड. हिरव्या स्क्रीनचा आयकॉन काढून टाकावा असं एकदा मनात आलं होतं.

मग एका गुरुवारी घरून काम करत होते आणि कोथरूडमध्ये नेहमीप्रमाणे वीज गेली. वायफाय बंद, मोबाइलच्या हॉटस्पॉटला एक दांडी. नेमका तेव्हाच क्लायंटचा फोन, एका कॉन्स्टंटमधला आकडा आत्ताच्या आत्ता बदलून द्या. व्हीएस कोड जोडतोय-जोडतोय करत बसला. मी हिरवी स्क्रीन उघडली. तिथे एंटर मारल्यावरच काय ते जातं, तेही नुसती अक्षरं, त्यामुळे एका दांडीवरही ती चालते. मेंबर उघडायला त्यासमोर २, शोधायला एफ१४, आकडा बदलला. ओळ डीसीएल-सीची, म्हणजे नव्या पद्धतीची होती, लगेच उलट्या रंगात गेली. एफ३ मारलं, वाय खोडून एन टाकला आणि १४ देऊन कंपाइलला सोडलं.