साइटिंग झाली का?

नागपूरकराला कुठलाही प्राणी दाखवा, तो त्याला वाघाच्याच मापानं मोजणार, याला इलाज नाही. मागच्या वर्षी मामा-मामी मुलाकडे सिएटलला गेले आणि तिथून अलास्काची क्रूझ करून आले, तर इकडे जहाज कसं होतं, जेवायला काय होतं हे कोणी विचारेचना, सगळ्यांचं एकच, साइटिंग झाली का, म्हणजे व्हेल दिसला का? मामा पण छाती फुगवून म्हणाले, "अरे झाली का म्हणजे काय, गॅरंटीच होती!"

गॅरंटी! ताडोबाच्या गेटवर हा शब्द काढून पाहा, गाइड तुमच्याकडे बघणार पण नाही.

तर जहाज अलास्कातल्या जुनो शहराला थांबतं, तिथून बसनं ऑक बे नावाच्या बंदरावर नेतात आणि छोट्या बोटीत बसवतात. व्हेल दिसला नाही तर काही पैसे परत, असं काही बोटवाले सांगतात. मला आधी ही धंद्याची ट्रिक वाटली, पण मग डोक्यात आलं की वाघाला दिसायची गरजच नसते, तो बांबूत झोपून राहिला तर तुम्ही काय करून घेणार? व्हेलला श्वासासाठी वर यावंच लागतं, मासा थोडीच आहे तो. त्यात उन्हाळाभर हे हम्पबॅक जातीचे व्हेल तिथं खायलाच आलेले असतात, हेरिंग मासे आणि क्रिल म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, कारण हिवाळ्यात पिल्लं द्यायला हवाईकडे जातात आणि तिकडे जवळजवळ उपासच. आपण मे महिन्यात 45 डिग्रीत भाजून घ्यायला ताडोबात जातो ते कशासाठी, तर जंगल सुकतं आणि वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून. तो पाण्यासाठी येतो, हा हवेसाठी, एवढाच काय तो फरक.

मामांचा व्हिडिओ मात्र विचारू नका. राखाडी पाणी, मामांचा अंगठा, पुन्हा पाणी, आणि मागून मामींचा आवाज, "अहो तिकडे, तिकडे बघा नं!" मामा फिरवेपर्यंत शेपटी गेलेली. पण त्यातच एक गोष्ट दिसते जी मी मागे नेऊन नेऊन पाहिली. व्हेल बुडी मारतो तेव्हा शेपटीच्या रेट्यानं पाणी खालून वर येतं आणि चहूकडे लाटा असताना मधेच एक गोल चकंदळ इस्त्री केल्यासारखं सपाट दिसत राहतं, बराच वेळ. पगमार्कच म्हणा की, वाघाच्या पंजाचा ठसा असतो तसा. ते दिसलं म्हणजे साहेब आत्ताच इथून गेले. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग पण प्रत्येकाचे वेगळे, वाघाच्या पट्ट्यांसारखे, त्यावरून ओळख पटवतात आणि नावं देतात. मामींना हे फारच आवडलं, कारण उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला जय वाघ 2016 मध्ये गायब झाला तेव्हा त्यांनी घरातलं कोणी गेल्यासारखं दुःख केलं होतं.

वास कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, वारा व्हेलकडून तुमच्याकडे येत असला तर व्हेलचा श्वास सडक्या मासळीसारखा येतो. मामी शुद्ध शाकाहारी, नाकाला पदर लावून बसल्या.

मला सगळ्यात भारी वाटलं ते अंतराचं. अलास्कात 2001 पासून नियम आहे, हम्पबॅकच्या 100 यार्डांच्या आत बोट न्यायची नाही, म्हणजे साधारण 90 मीटर. त्याच्या वाटेत आडवं जाऊन थांबायचं पण नाही, की तो आपोआप जवळ येईल. म्हणजे ही आयडिया तिकडच्यांना पण सुचली होती, म्हणून तर नियमात लिहावी लागली. आणि आपल्याकडे? 2024 च्या 31 डिसेंबरला कऱ्हांडल्यात सफारीच्या जिप्सीवाल्यांनी एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून घेरले, शेवटी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मामांना हे म्हटलं तर म्हणाले, "तिकडे कॅप्टन पण बिचारा घड्याळ बघत होता रे, जहाज सुटलं म्हणजे सुटलं, कोणासाठी थांबत नाही." मुद्दा तो नव्हता, पण मामांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता त्यांच्या डोक्यात तारकर्लीचे डॉल्फिन शिरले आहेत. डॉल्फिन दिसला की तिकडच्या बोटी इंजिन फिरवून मागे लागतात, हे मी पाहिलेलं आहे, तसं सांगितलं पण. मामा म्हणाले आपण बोटवाल्याला लांबूनच दाखव म्हणू. मामींनी फक्त विचारलं, बोटीत बाथरूम आहे का?