ही फाइल आत्ता कोणाकोणाकडे आहे?

आमच्या प्रयोगशाळेचा डेटा सांभाळणं हे माझं काम. दुसऱ्या संस्थेबरोबर नवा प्रकल्प सुरू झाला की कुणीतरी विद्यार्थी येऊन विचारतोच, "मॅडम, झिप करून पासवर्ड लावलाय. मेल करू का?"

"पासवर्ड कसा कळवणार?"

"त्याच मेलमध्ये लिहिलाय, खाली."

ही मुलं बेफिकीर नसतात. त्यांना घाई असते आणि मेल हाताशी असतो, म्हणून मी रागावत नाही. पण मेलने गेलेली फाइल परत बोलावता येत नाही, हे बसवून समजावते. ती आपल्याकडे राहते, समोरच्याच्या इनबॉक्समध्ये राहते, दोन्हीकडच्या बॅकअपमध्ये जाते, कुणाच्या तरी फोनवर उतरते. तिथून ती पुढे गेली तर आपल्याला पत्ताही लागत नाही. माणसांवरच्या संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीने उद्या विचारलं, "ही फाइल आत्ता कोणाकोणाकडे आहे?", तर खरं उत्तर देता आलं पाहिजे. माझी सगळी धडपड या एका प्रश्नासाठी असते.

त्या झिपचंही ऐका. झिपचं जुन्या पद्धतीचं एन्क्रिप्शन (पासवर्डने मजकूर कुलूपबंद करणं) कसं फोडता येतं, हे बिहाम आणि कोचर या संशोधकांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं. एईएस ही नवी, मजबूत पद्धत निवडली तरी नेहमीच्या झिपमध्ये आतल्या फाइलींची नावं पासवर्डशिवाय वाचता येतात. आणि आपण नावं काय देतो? रुग्णाचं आडनाव, तपासणीची तारीख, कधीकधी आजारसुद्धा. म्हणजे झिप न उघडताच निम्मी माहिती बाहेर.

म्हणून माझा आग्रह असतो की फाइल पाठवू नका, फाइलपर्यंत पोहोचण्याची परवानगी द्या. ती एकेका माणसाच्या नावावर द्या आणि तिला मुदत घाला. 'लिंक असेल त्या कुणालाही' हा पर्याय संशोधनाच्या डेटासाठी वापरूच नये. विद्यापीठांकडे यासाठी फार चांगली सोय आहे आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. एज्युगेन ही जगभरातल्या शैक्षणिक लॉगइन यंत्रणांना जोडणारी व्यवस्था २०११ पासून चालू आहे. समोरचा संशोधक आमच्या सर्व्हरवर त्याच्याच विद्यापीठाच्या खात्याने येतो. त्याचा पासवर्ड आम्हाला कधीच दिसत नाही. त्याची संस्था फक्त सांगते की हो, हा माणूस आमचाच. तो नोकरी सोडून गेला, तिथलं खातं बंद झालं, की आमच्याकडचा रस्ताही बंद. नाहीतर दोन वर्षांपूर्वी गेलेल्या पोस्टडॉकचं (पीएचडीनंतर संशोधनासाठी आलेल्याचं) खातं आमच्या सर्व्हरवर तसंच उघडं राहिलं असतं आणि कुणाला आठवलंही नसतं.

एखादीच फाइल द्यायची असेल तर फाइलसेंडर हा वेबवरून फाइल पाठवायचा प्रोग्राम पुरतो. संशोधन-नेटवर्क चालवणाऱ्या संस्थांनीच तो बनवला आहे, मुदत संपली की फाइल काढून टाकली जाते आणि हवं तर ब्राउझरमध्येच एन्क्रिप्ट करून मग चढवता येते. मोठ्या डेटासाठी ग्लोबस किंवा साधं आरसिंक, ही फाइली हलवायची साधनं. १०० मेगाबिटच्या जोडणीवर एक टेराबाइट जायला बावीस तास तरी लागतात, तेव्हा मध्ये तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होणारं साधन हवं. शेवटी दोन्हीकडे फाइलीवरून एसएचए-२५६ ही ठशासारखी ओळ काढून ताडून पाहायची. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ती ६४ अक्षरांची ओळ पार वेगळी येते.

आता किल्लीविषयी, कारण इथे लोक कंटाळतात आणि मी कंटाळू देत नाही. फाइल एका वाटेने गेली तर पासवर्ड दुसऱ्या वाटेने जायला हवा. त्याहून बरं म्हणजे पासवर्ड पाठवायची वेळच येऊ न देणं. समोरच्याने आपली जाहीर किल्ली, म्हणजे फाइल फक्त बंद करू शकणारी, द्यायची, आपण तिने फाइल बंद करायची, उघडणारी खाजगी किल्ली त्याच्या संगणकातून बाहेर पडतच नाही. फक्त ती जाहीर किल्ली खरंच त्याची आहे ना, हे पाहावं लागतं. जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामच्या किल्लीची ओळख ४० अक्षरांची असते, चार-चारच्या दहा गटांत. मी फोन लावते, आवाज ओळखीचा आहे ना ते ऐकते आणि गट आळीपाळीने वाचायला लावते: तुम्ही एक, मी एक. "नऊ, एफ, शून्य, तीन." "बरोबर. आता माझा." मधला एखादा गट गाळून "पुढचं जुळतंच असेल" म्हणणाऱ्याला मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगते. दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

पण वाट कितीही सुरक्षित असली तरी आत काय चाललंय ते आधी पाहायला हवं. एक्सेलमध्ये खालच्या शीटच्या नावावर उजवं क्लिक करून 'अनहाइड' सुरू दिसतंय का बघा; दिसलं तर आत लपवलेलं शीट आहे. नावं काढून टाकलेल्या सुबक शीटच्या मागे नावं आणि क्रमांकांची मूळ यादी लपवलेली मी पाहिली आहे. डायकॉम या वैद्यकीय स्कॅनच्या फाइलींच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीत, रुग्णाचं नाव असतं, आणि काही यंत्रं ते चित्रावरच छापतात, तिथे हेडर पुसून उपयोग नाही.

डोक्याच्या एमआरआयमध्ये तर चेहराच असतो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या स्कॅनवरून चेहरे उभे केले. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातले ७० फोटोंशी बरोबर जुळवले. चेहऱ्याचा भाग खोडणारी मोफत साधनं आहेत, पण त्यानंतरही प्रत्येक स्कॅन एकदा डोळ्यांखालून घालावा. "नाव काढलं की झालं" असं म्हणणाऱ्यांना मी अमेरिकी संशोधक लटान्या स्वीनी यांचा अंदाज सांगते: जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पोस्टल कोड एवढ्यावरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक इतरांपासून वेगळे, एकेकटे ओळखू येऊ शकतात. ज्यांनी विश्वासाने आपलं रक्त, आपले स्कॅन, आपल्या आजाराची गोष्ट आपल्याला दिली, त्यांनी ती आपल्या ओळखीच्या माणसांना दिली होती, वाटेतल्या कुणालाही नाही.

फारच नाजूक डेटा असेल तर मी तो हलवतच नाही. बाहेरच्या संशोधकाने आमच्या बंदिस्त सर्व्हरवर यावं, तिथेच विश्लेषण करावं आणि निकालाचे तक्ते तपासणीनंतर न्यावेत. ब्रिटनमधल्या लाखो लोकांचा आरोग्य-डेटा सांभाळणाऱ्या यूके बायोबँकेनेही २०२१ मध्ये असा मंच उभा केला. संशोधकांना हे सुरुवातीला जाचक वाटतं, कारण विश्लेषणासाठी लागणारी आपली नेहमीची सॉफ्टवेअर पॅकेजं तिथे नसतात. म्हणून ती आधीच बसवून ठेवण्यावर मी बराच वेळ घालवते. सुरक्षित रस्ता अवघड ठेवला तर लोक मेलकडेच वळणार.

प्रकल्प संपला की परवानग्या काढते आणि समोरच्या संस्थेकडून प्रती नष्ट केल्याचं लेखी मागते. त्यांच्या बॅकअपमध्ये फाइल किती दिवस राहते, हेही विचारते, कारण फोल्डर रिकामं केलं तरी तिथे ती असतेच. हे सगळं करारात आधीच लिहिलेलं असलं की मागताना कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. सध्या एका नव्या कराराचा मसुदा आमच्या प्रमुखांच्या टेबलावर आहे, त्यात बॅकअपचं कलम घालून घ्यायचं बाकी आहे.