ओबो आणि ऑर्गन: क्रेब्सच्या फँटसियाची चौथी नोंद

ओबो (सनईसारखे दुहेरी पत्तीचे पाश्चात्त्य वाद्य) आणि ऑर्गनसाठीची क्रेब्सची एफ मायनरमधली फँटसिया (मुक्त बांधणीची रचना) आता आमच्याकडून न थांबता शेवटपर्यंत वाजते. ती ऐकण्याजोगी झाली आहे, असे म्हणण्याचे धाडस मात्र अजून होत नाही. योहान लुडविग क्रेब्स (१७१३–१७८०) हा लाइपझिगच्या थोमासशूले या शाळेत संगीतकार बाखच्या हाताखाली तयार झालेला ऑर्गनवादक. त्सविकाउ आणि त्साइट्स येथील नोकऱ्यांनंतर तो आल्टेनबुर्गच्या राजवाड्यातील चर्चमध्ये आला आणि ट्रोस्टने बांधलेला तिथला ऑर्गन त्याने अखेरपर्यंत वाजवला. एक वादक आणि एक ऑर्गनवादक एवढ्यांतच भागणाऱ्या अशा रचना त्याने बऱ्याच लिहिल्या, आणि माझ्यासारख्या हौशी ओबोवादकाला याहून मोठी मेजवानी नाही.

बोटांची अडचण एफ मायनरमधल्या चार फ्लॅटांमुळे (अर्धा स्वर उतरवलेल्या सुरांमुळे) येते. डी फ्लॅटवरून ई फ्लॅटकडे जाताना उजवी करंगळी एका चावीवरून दुसरीवर घसरवली की मधे बारीक खरखर ऐकू येते. म्हणून ई फ्लॅट डाव्या करंगळीने घेण्याची सवय लावून घेतली, आणि त्यातच तीन आठवडे गेले. एक गोष्ट लक्षात आल्यावर मात्र मन शांत झाले. त्या काळी जर्मनीतील बहुतेक चर्चचे ऑर्गन कोअरटोनमध्ये, म्हणजे वाद्यवृंदाच्या कामरटोनपेक्षा साधारण एक स्वर वर लावलेले असत. अशा ऑर्गनवर एफ मायनर वाजत असताना कामरटोनच्या ओबोवादकाला जी मायनर, म्हणजे दोनच फ्लॅट वाजवावे लागत. जुन्या, मोजक्याच चाव्यांच्या ओबोवर ते कितीतरी सोयीचे. माझा ओबो आधुनिक, ऑर्गनही आधुनिक सुरातला. त्यामुळे ही सवलत मला नाही.

खरा झगडा झाला तो थंडीशी. सराव थुरिंगियातील एका लहान चर्चमध्ये चालतो, आणि त्या दिवशी आतले तापमान ११ अंश होते. ऑर्गनचे साधे, शिट्टीसारखे पाइप गार हवेत सुरात उतरतात, अंशामागे सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). त्यामुळे उन्हाळ्यात ४४० हर्ट्झ दाखवणारा ए हा स्वर ४३३ वर आला होता. माझा ओबो ४४२ साठी बनवलेला आणि फुंकरीने सतत तापणारा, म्हणजे तो आपल्या जागेवरून हलायला तयार नाही. ऑर्गनचे रीडचे, म्हणजे धातूच्या पत्तीने वाजणारे पाइप थंडीत फारसे उतरत नाहीत, म्हणून माझ्या जोडीदारीण ऑर्गनवादक बाईंनी त्यांचे सगळे स्टॉप (एकाच आवाजाच्या पाइपांचे संच) बंदच ठेवले. मी ओबोला मिलिमीटरभर लांब रीड (फुंकायची पत्ती) लावले, ओठ सैल केले आणि उरलेला फरक कानावर सोडला. सनईवाल्यांना पत्तीशी खेळताना लहानपणी पाहिले होते. तेव्हा हा उद्योग आपल्याही वाट्याला येईल असे वाटले नव्हते.

त्यानंतर प्रश्न आला तोल साधण्याचा. या फँटसियात ऑर्गनवादकाचा उजवा हात आणि ओबो एकमेकांचे अनुकरण करतात, डावा हात दुसऱ्या मॅन्युअलवर (हातांच्या पट्ट्यांच्या ओळीवर) आणि पाय पेडलवर. म्हणजे चार समान आवाज. उजव्या हाताला आठ फुटी प्रिन्सिपल (ऑर्गनचा भरदार मुख्य स्टॉप) दिल्यावर ओबो झाकला गेला, गेडाक्ट (बंद तोंडाच्या पाइपांचा मऊ स्टॉप) दिल्यावर उजवा हातच ऐकू येईनासा झाला. शेवटी गेडाक्टवर चार फुटी बासरी (एक सप्तक वर वाजणारा स्टॉप) चढवली तेव्हा जमले. त्याहून मोठा फरक जागा बदलल्याने पडला. मी सज्जाच्या कठड्याशी उभी राहून वाजवत होते, तेव्हा खाली ओबो पुढे आणि ऑर्गन मागे असे वेगवेगळे ऐकू येत होते. ऑर्गनच्या पेटीला खेटून उभी राहिले, तेव्हा ओबो त्यातलाच एक स्टॉप वाटू लागला, आणि माझ्या मते या प्रकारच्या संगीताला तेच हवे असते. एकलवादकाचा तोरा इथे शोभत नाही.

हे मला पटवायला मर्झेबुर्गच्या गेओर्ग फ्रीडरिश काउफमानचे कोराल (चर्चगीतांच्या चालींवरील रचना) उपयोगी पडले. त्याचा संग्रह १७३३ पासून हप्त्याहप्त्याने छापला जात होता. १७३५ मध्ये तो क्षयाने गेल्यावर त्याच्या पत्नीने उरलेले हप्ते पुरे केले. कोणते स्टॉप घ्यावेत हे त्याने इतके बारकाईने लिहून ठेवले आहे, की त्या काळात ते विरळाच. त्यातील ओबोच्या कोरालांत मूळ चाल लांब स्वरांत येते, ओळींमधे भरपूर विश्रांती असते, आणि ऑर्गन थांबत नाही. दिसायला सोपे, पण एकच स्वर फुगवटा न देता शेवटपर्यंत सरळ धरणे मला अजून दहातून सहा वेळाच जमते.

पुढच्या बैठकीला चर्चमध्ये हीटर लावणार आहेत. ए ४३६ पर्यंत चढला, तर लांब रीडचा सूर उलट खाली पडेल. म्हणून दोन्ही लांबीची रीड करून ठेवली आहेत, लांबाला लाल दोरा आणि आखूडला निळा.