अबाकॅब जोडकाम: नामिनानू जमलं, लर्करचा फेड काही केल्या सुटेना

मंडळी, जेनेसिस बँडच्या 'अबाकॅब' अल्बमच्या वेळी विखुरलेले एका सलग रचनेचे तुकडे मी परत जोडतोय, त्यातल्या नामिनानू आणि डोडोचा सांधा बसला. एकदाचा! हेडफोनवर ऐकला, स्पीकरवर मोठ्याने ऐकला, अगदी हळू आवाजातही ऐकला (सांधे उघडे पडतात ते हळू आवाजातच). कुठेही ठेच लागत नाही. पण ही खुशखबर लिहायला घेईपर्यंत लर्करच्या शेवटाने निम्मा आनंद खाऊन टाकला. आजचा बराचसा मजकूर त्या एका फेडवर (आवाज विरत नेणाऱ्या शेवटावर) जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

जेनेसिसच्याच 'ड्यूक' अल्बममधल्या अर्ध्या तासाच्या सलग रचनेवर मागे लिहिलं होतं, ते काम याच्यासमोर पोरखेळ वाटतंय. तिथे 'बिहाइंड द लाइन्स'पासून 'ड्यूक्स एंड'पर्यंतचा क्रम जेनेसिसने १९८० च्या दौऱ्यात स्वतःच वाजवून दाखवला होता. आपण फक्त तुकडे ओळीत लावायचे. अबाकॅबच्या वेळी डोडो-लर्कर तेवढं अल्बमवर गेलं. त्याच रचनेतले बाकीचे दोन तुकडे सिंगलांच्या (एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्यांच्या) मागच्या बाजूंवर फेकले गेले: नामिनानू 'कीप इट डार्क'च्या मागे आणि सबमरीन 'मॅन ऑन द कॉर्नर'च्या मागे. साधारण सोळा मिनिटांचा ऐवज, तीन ठिकाणी वाटलेला. आणि हाताशी एकही मैफिलीचं रेकॉर्डिंग नाही, ज्यात हे सगळं एका दमात वाजलंय.

माझा क्रम नामिनानू, डोडो, लर्कर, सबमरीन असा आहे. नामिनानूत शब्द नाहीत. एकच निरर्थक घोष, ढोलांचा रेटा आणि बँडच्या टोनी बँक्सचे तुतारीसारखे सिंथ. असली वर्दी मधे आली तर खटकते, ती सुरुवातीलाच हवी. आणि लर्करमध्ये चिखलातून कुणीतरी कोडं घालतं, 'ओळखा मी कोण'. त्याचं उत्तर 'पाणबुडी' असं बरेच जण देतात. त्या कोड्यातल्या सगळ्या खुणा पाणबुडीला लागू पडत नाहीत हे मला मान्य आहे. पण कोडं संपल्यावर लगेच सबमरीन सुरू झालं की अंगावर काटा येतो आणि माझ्यासाठी तेवढा पुरावा पुरेसा आहे.

आता कच्च्या मालाबद्दल. डोडो-लर्कर मी १९९४ च्या रीमास्टर सीडीवरून घेतलंय, कारण त्यात मूळ मिक्स (वाद्यांचं आणि आवाजांचं मिश्रण) आहे. नामिनानू आणि सबमरीन २००७ च्या बॉक्समधल्या जादा गाण्यांच्या डिस्कवर मिळतात, पण तो निक डेव्हिसचा नवा मिक्स. १९८१ च्या मिक्सला तो लावला की गाणं मधेच दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं वाटतं. माझं मत जुनंच आहे: सत्तरच्या दशकातल्या गढूळ अल्बमना नव्या मिक्सने उजेड दिला, पण अबाकॅबला त्या उजेडाची गरज नव्हती. सरेतल्या 'द फार्म'मध्ये, स्वतःच्या स्टुडिओत, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजमला शेजारी बसवून त्यांनी जो कोरडा, अंगावर येणारा आवाज धरलाय, त्यावर चकाकी चढवली की नेमकं तेच हरवतं. म्हणून मूळ सिंगल शोधले आणि सुईखाली घातले.

बी-साइड (सिंगलची मागची बाजू) जमवणाऱ्यांना एक फायदा असतो. लोकांनी पुढची बाजू झिजवलेली असते आणि मागची बाजू बहुतेकदा कोरीच्या कोरी राहते. तोटाही आहे. विकणारे तपासतात तीही पुढचीच बाजू. एका विक्रेत्याने 'जवळपास नवी' म्हणून पाठवलेल्या 'मॅन ऑन द कॉर्नर'च्या मागे, बरोबर सबमरीन हळूहळू उठायला लागतं तिथे, ओरखडा निघाला. फेरीगणिक एक टिक. पत्र पाठवलं तर उत्तर आलं की गाणं छान वाजतंय. कुठलं गाणं, ते न विचारताच कळलं.

असले टिक-टिक आवाज काढायला ऑडासिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅमचं आपोआप क्लिक काढणारं साधन मी वापरत नाही. ढोलाचा पहिला फटका आणि ओरखड्याची टिक यातला फरक त्याला कळत नाही आणि ढोल वाजवणाऱ्या फिल कॉलिन्सच्या रेकॉर्डिंगवर ही चूक परवडणारी नाही. त्याऐवजी वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पार मोठा करून एकेक टिक हाताने पकडायची आणि ऑडासिटीतलाच 'रिपेअर' लावायचा. तो एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच (आवाजाच्या सुट्या नोंदींपर्यंतच) चालतो, पण एका टिकसाठी तेवढे भरपूर होतात. वेळखाऊ आहे, डोळे दुखतात, पण ढोल शाबूत राहतात. आयझोटोप आरएक्स या दुसऱ्या प्रोग्रॅमचं डी-क्लिक चांगलं आहे, फक्त त्याची संवेदनशीलता तळाशी ठेवा, नाहीतर झांजांची धार बोथट होते.

नामिनानूचा सांधा इतके दिवस का बसत नव्हता, ते आता सापडलंय. टर्नटेबल किंचित जोरात फिरत होतं, साधारण ०.४ टक्के. ऐकताना कुणाच्याही लक्षात येणार नाही. पण चार मिनिटांत जवळजवळ एक सेकंदाचा फरक पडतो आणि सूर सातेक सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर सरकतो. सुट्ट्या गाण्यात सात सेंट कोण बघतंय? पण त्याच सिंथचा, त्याच सत्रातला पुढचा तुकडा लगेच शेजारी आला की कानाला काहीतरी टोचत राहतं. आपण बिचाऱ्या क्रॉसफेडला (एक गाणं विरताना दुसरं चढवण्याला) दोष देत बसतो. हे मोजायला २००७ ची डिस्क कामी आली. मिक्स नवा असला तरी ढोल मूळ टेपवरचेच आहेत. गाण्याची एकूण लांबी ताडून बघण्यात अर्थ नाही, संपादनात ती इकडेतिकडे होऊ शकते. सुरुवातीचा एक ठळक ठोका आणि शेवटाकडचा एक ठळक ठोका धरून त्यांच्यातलं अंतर मोजायचं. मग फाइल 'चेंज स्पीड'ने दुरुस्त करायची. 'चेंज टेम्पो' नको, कारण त्यात वेग बदलतो आणि सूर चुकलेलाच राहतो. शिवाय आवाजावर ताणल्याच्या खुणा उमटतात, त्या वेगळ्याच. एवढं झालं आणि डोडोचे ते जड, थांबत थांबत कोसळणारे सुरुवातीचे स्वर नामिनानूच्या शेपटीवर असे येऊन बसले, की सांधा कुठे ठेवलाय ते मलाच फाइल उघडून बघावं लागलं. त्या संध्याकाळी दुसरं काही केलं नाही, तेवढंच परत परत ऐकलं.

आता फेड.

अल्बमवर लर्कर संपत नाही, विरत जातं. ती गोल गोल फिरणारी सिंथची धून चालू असतानाच आवाज खाली जातो. अल्बमसाठी हे ठीक आहे, पुढे 'हू डनइट' हे गाणं यायचंय (ते का यायचंय, हा वेगळा वाद). पण रचना पुढे न्यायची असेल तर विरलेल्या आवाजातून सबमरीन उगवलं की दोन गाणी शेजारी ठेवल्यासारखंच वाटतं. सलगपणाची सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून फेड उलटवायचं ठरवलं. जितका आवाज खाली गेलाय तितका वर चढवायचा. सीडीवर हे बऱ्यापैकी शक्य आहे. सोळा बिटला साधारण ९६ डेसिबलची पट्टी असते, त्यामुळे २० डेसिबल उचलले तरी खालची सळसळ लांब राहते. विनाइलवर सगळा मिळून ६० च्या आसपासचा खेळ. तिथे २० उचलले की धून कमी आणि खरखर जास्त. म्हणजे इथेही १९९४ ची सीडीच.

खरी अडचण फेडच्या आकाराची आहे. मिक्स करताना तो माणसाने फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) ओढून केलेला असतो. हात आधी हळू सरकतो, मग जरा पटकन, मग परत रेंगाळतो. संगणकाने काढलेली सरळ रेषा त्यावर उलटी लावली की आवाज मधेच फुगतो, मधेच बसतो. आधी वाटलं होतं, धून तीच फिरतेय, तर प्रत्येक फेरीची पातळी मोजून पहिल्या फेरीबरोबर आणली की झालं. पण मधे कॉलिन्स आहे! हा गृहस्थ एकही फेरी आधीच्या फेरीसारखी वाजवत नाही. एका फेरीत टॉमवर (जाड आवाजाच्या ढोलांवर) उतरतो, दुसरीत झांज उघडी सोडतो, की पातळीचे सगळे आकडे बिघडले.

मग मोजमापापुरती ढोलांना बगल दिली. एका प्रतीवर बँडपास फिल्टर लावून फक्त सिंथची धून राहील एवढा मधला पट्टा ठेवला, फेऱ्या त्यावर मोजल्या आणि त्यातून निघालेला आलेख मूळ फाइलवर उलटा चढवला. चमत्कार झाला म्हणायला हरकत नाही. फेडच्या पहिल्या निम्म्या भागात लर्कर पूर्ण ताकदीने वाजतं. आजवर कधी न ऐकलेले ढोल वर येतात, ढोलांची एक भन्नाट फिल (मधली जागा भरणारी तान) आहे, अल्बमवर ती पार पुसटलेली होती. केवळ तेवढ्यासाठी ही सगळी खटपट सार्थकी लागली. पण निम्म्यानंतर गाडी अडते. तिथून पुढे आकडे इतके खाली जातात की उचलताना ढोलांचा पोत दाणेदार होतो आणि झांजा वाळू चाळल्यासारख्या लागतात. सबमरीनपर्यंत पोचायला अजून दोन-तीन फेऱ्या हव्यात आणि त्या तिथे नाहीत.

एक सोपा पर्याय आहे, उचललेल्या चांगल्या फेऱ्यांचीच नक्कल करून पुढे चिकटवायची. ते मी करणार नाही. आपला नियम ठरलेला आहे, टेपवर आहे तेच घ्यायचं. '३ साइड्स लाइव्ह' या मैफिलीच्या अल्बमवरचा डोडोचा शेवट घेऊन पाहिला. लय वेगळी, सभागृहाचा घुमारा वेगळा, शिवाय ते तिथून 'अबाकॅब' या गाण्याकडे वळतात. बाद.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं, म्हणून लिहिणं थांबवून करून बघितलं. शेवटच्या चांगल्या फेऱ्यांवर लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर जाऊ देणारा) हळूहळू बंद करत न्यायचा. वरचे स्वर झाकत जातात, मग झांजा, मग धून, शेवटी नुसता तळाचा धपधप आवाज उरतो. तेवढ्यात खालून सबमरीन वर येतं. लर्कर अक्षरशः पाण्याखाली जातं. झांजांची वाळूही फिल्टरखाली आपोआप दडपली जाते, त्यामुळे फेडच्या वाईट भागातली आणखी एक फेरी वापरता येते. दोन्ही एकावर एक आल्यावर स्वरांचा थोडा तिढा पडतो, पण तोवर धून इतकी बुजलेली असते की फक्त खोलवर एक डुगडुग जाणवते. मला तर ती आवडली.

पण मग नियमाचं काय? टेपवर आहे तेच घेतलं, पण त्याला असा रंग दिला जो बँडने दिला नव्हता. तुमच्यातले कडवे लोक नाक मुरडणार, ठाऊक आहे. फेड उलटवणं चालतं आणि फिल्टर चालत नाही, याचं कारण कुणी नीट मांडलं तर मी ऐकेन. तूर्तास दोन प्रती ठेवतोय, एक कोरडी, लर्करच्या चांगल्या फेऱ्यांनंतर सरळ कापून सबमरीनवर जाणारी, आणि एक पाण्याखालची. दोन्ही आवाजाच्या सरासरी पातळीवर जुळवल्यात. सर्वोच्च टोकावर जुळवलं तर सबमरीन विनाकारण गरजतं.

पुढचा बेत जेनेसिसच्याच 'विंड अँड वदरिंग' अल्बममध्ये 'इनसाइड अँड आउट'ला जागा करण्याचा होता. १९७७ च्या 'स्पॉट द पिजन' या छोट्या रेकॉर्डवर अडकलेलं ते गाणं, आणि त्याच्या उत्तरार्धात गिटारवाला स्टीव्ह हॅकेट जे वाजवतो ते ऐकून ते अल्बमबाहेर राहिलंच कसं असं वाटतं. अल्बम आधीच पन्नास मिनिटांच्या वर आहे, एलपीवर आणखी पावणेसात मिनिटं कोंबली असती तर खाचा बारीक कराव्या लागून आवाज पडला असता, हे कारण पटतं. पण ते काम आता थांबेल. कारण नामिनानू ते सबमरीन सलग ऐकल्यावर उरलेला अबाकॅब फार वेगळा दिसायला लागलाय. 'यू माइट रिकॉल' हे गाणं त्याच सत्रांतलं, १९८२ च्या '३ × ३' या छोट्या रेकॉर्डवर गेलेलं. 'हू डनइट' काढून त्या जागी हे घातलं तर? आणि दुसरी बाजू पूर्ण या सोळा मिनिटांनी उघडली तर? तसं केलं तर 'लाइक इट ऑर नॉट' कुठे जाईल ते कळत नाहीये. 'अनदर रेकॉर्ड' शेवटीच राहील, त्यावर चर्चा नको. '३ × ३' ची बरी प्रत कुणाकडे असेल तर तिच्या पहिल्या बाजूचा आवाज कसा आहे तेवढं ऐकून सांगा. माझ्या प्रतीत तिथल्या 'पेपरलेट' गाण्याचे ब्रास (पितळी वाद्यं) फाटतात आणि तो दोष सुईचा की छपाईचा, ते अजून ठरलेलं नाही.